टर्मिनल बंद केलं तरी प्रोग्रॅम चालू कसा राहतो?
समजा, काटेवाडीतल्या उसाच्या शेतात लिनक्सवर चालणारा छोटा संगणक मातीचा ओलावा नोंदवतोय. पण टर्मिनलमधून सुरू केलेला प्रोग्रॅम टर्मिनल बंद होताच सहसा थांबतो. मग रात्रभराची नोंदच नाही, आणि सकाळी पाणी अंदाजाने द्यावं लागतं.

यावर उपाय म्हणजे 'डीमन', पडद्यामागे चालणारा प्रोग्रॅम. युनिक्सच्या जुन्या पद्धतीत प्रोग्रॅम स्वतःची प्रत काढतो. मूळ प्रोग्रॅम संपतो आणि प्रत टर्मिनलशी नातं तोडून चालू राहते.

आता बहुतेक लिनक्सवर ही जबाबदारी २०१० साली आलेला 'सिस्टमडी' घेतो. त्याच्या सर्व्हिस फाइलमध्ये तीन गोष्टी लिहायच्या: कोणता प्रोग्रॅम चालवायचा, बंद पडल्यास काय करायचं आणि संगणक चालू होताना कधी सुरू करायचा. ती सर्व्हिस एकदा 'एनेबल' केली की वीज जाऊन आली तरी नोंद आपोआप पुन्हा सुरू होते.