फिरंगरोग : एका नावाचा प्रवास

१४९५ मध्ये फ्रान्सच्या आठव्या चार्ल्सचे सैन्य नेपल्समध्ये असताना तेथे एक नवी व्याधी फैलावली. इटालियनांनी तिला ‘फ्रेंच रोग’ म्हटले, फ्रेंचांनी ‘नेपल्सचा रोग’. रशियनांनी पोलंडकडे बोट दाखवले. आपल्याकडेही सोळाव्या शतकात भावमिश्रांनी ‘भावप्रकाशा’त तिची नोंद ‘फिरंगरोग’ अशीच केली. व्याधी एकच; बदलत गेला तो आरोपी.

१५३० मध्ये व्हेरोनाचा वैद्य-कवी फ्राकास्तोरो याने आपल्या लॅटिन काव्यात सिफिलस नावाचा कल्पित मेंढपाळ निर्माण केला. काव्याच्या शीर्षकात ‘फ्रेंच रोग’ उरलाच, पण पुढे रूढ झाले ते ‘सिफिलिस’. या नावाने कोणत्याही देशाला दोष दिला नाही. मराठीतल्या ‘गरमी’नेही दिला नाही. तरीही दोन्ही शब्द कुजबुजतच उच्चारले गेले. कलंक देशावरून उतरला आणि रुग्णाच्या माथी बसला.

२०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नव्या रोगांना स्थळांची, व्यक्तींची वा प्राण्यांची नावे देऊ नयेत असे सुचवले. ही सूचना आम्हांला आवश्यक वाटते, पुरेशी मात्र नाही. १९४३ पासून या रोगावर पेनिसिलिन आहे. पण लाजेपोटी दवाखान्याची पायरी न चढणाऱ्यापर्यंत ते पोहोचणार कसे?