मत्स्यविनोद : गळ, गोळा आणि शरणागत

मराठीने मासेमारीकडून घेतलेले वाक्प्रचार एकत्र मांडून पाहिले, तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. ‘गळाला लागणे’, ‘आमिष दाखवणे’, ‘जाळ्यात ओढणे’ यांतला एकही प्रयोग चांगल्या अर्थाचा नाही. ‘आमिष’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ मांस. भक्ष्य, लोभाची वस्तू हे अर्थही त्याला संस्कृतातच चिकटले होते. मराठीत मांस मागे पडले, ते ‘सामिष-निरामिष’ या जोडीपुरते उरले. आणि ‘आमिष’ म्हणजे निव्वळ मोह झाला. भाषेने जणू माशाच्या बाजूने साक्ष दिली आहे. गळ टाकणाऱ्याच्या हातातले कौशल्य तिने नोंदवले नाही, गळाला लागणाऱ्याची फसगत मात्र नोंदवली.

दुसरा शब्द ‘विनोद’. आज विनोद म्हटले की हसू आठवते. मध्ययुगीन संस्कृतात विनोद म्हणजे मन रमवणे, काळ सुखाने घालवणे. या जुन्या अर्थाचा ‘विनोद’ आणि आजच्या अर्थाचे ‘आमिष’ जिथे शेजारी येतात, असा एक ग्रंथ दख्खनमध्ये बाराव्या शतकात रचला गेला. बिडकीनसारख्या पैठण तालुक्यातल्या गावी बसून त्याची आठवण काढण्याला कारण आहे. हा सारा मुलूख त्या काळी कल्याणीच्या चालुक्यांच्या सत्तेच्या परिघात होता, आणि माशांविषयीची दोन अगदी वेगळी मने याच मुलखात, दीडशे वर्षांच्या अंतराने, शब्दबद्ध झाली.

चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा, बिरुद भूलोकमल्ल, याचा ‘मानसोल्लास’ अर्थात ‘अभिलषितार्थचिंतामणी’ हा तो ग्रंथ. शके १०५१, म्हणजे इ. स. ११२९ च्या सुमारास तो रचला गेला. राजधानी कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. वीस-वीस अध्यायांच्या पाच विंशती, असे एकूण शंभर अध्याय, अशी त्याची रचना. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत ग. के. श्रीगोंदेकरांनी त्याचे संपादन केले. पहिला खंड १९२५ मध्ये, दुसरा १९३९ मध्ये आणि तिसरा १९६१ मध्ये निघाला. मराठीच्या विद्यार्थ्याला हा ग्रंथ माहीत असतो तो मुख्यतः एका उल्लेखासाठी. महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद त्यात आहे. ओवीच्या इतिहासाचा कोणताही धडा या नोंदीवाचून पुढे सरकत नाही.

मात्र ज्या विंशतीत ओवी आहे, तिचे पुरते नाव आपण विद्यार्थ्यांना क्वचितच सांगतो. ती आहे विनोदांची चौथी विंशती. तिच्यात शस्त्रविद्या आहे, मल्ल आहेत, कोंबड्यांच्या आणि मेंढ्यांच्या झुंजी आहेत. पुढे गीत, वाद्य, नृत्य आणि कथा आहेत. यांच्या मध्ये, ससाण्याच्या शिकारीनंतर आणि मृगयेच्या आधी, ‘मत्स्यविनोद’ येतो. ज्या राजाने ओवी टिपली त्यानेच माशांच्या सवयी टिपल्या. एकाच कुतूहलाची ही दोन फळे आहेत.

या अध्यायाकडे आधी प्राणिशास्त्रज्ञांचे लक्ष गेले, हेही विचार करण्याजोगे आहे. सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञांनी १९५१ मध्ये त्यावर लेख लिहिला. नलिनी साधले आणि य. ल. नेने यांनी २००५ मध्ये ‘मानसोल्लासा’तील माशांविषयी पुन्हा लिहिले. अध्यायात पस्तीसच्या आसपास मासे येतात. समुद्रातले आणि गोड्या पाण्यातले, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे, मोठे आणि लहान अशी त्यांची वर्गवारी आहे. रोहित, पाठीन ही नावे त्यात आहेत. ज्याला आज महासीर म्हणतात त्या माशाची जुनी नोंद म्हणूनही अभ्यासक या अध्यायाकडे बोट दाखवतात. काठी, दोरी, गळ आणि पाण्यावर तरंगणारी खूण यांचे वर्णन आहे. सर्वांत अधिक लक्ष मात्र चाऱ्यावर आहे. कोणत्या माशाला काय आवडते, धान्याच्या पिठाचे गोळे कोणासाठी आणि मांसाचे कोणासाठी, हे राजा बारकाईने सांगतो. मासे जिथे जमतात तिथे त्यांना आधी चारा घालायचा, जागेची सवय लावायची, आणि मग गळ टाकायचा.

यातला विरोध लपून राहत नाही. माशाचा इतका जवळून अभ्यास प्रेमाशिवाय होत नाही असे वाटते, आणि त्या अभ्यासाचा शेवट गळाशी होतो. सोमेश्वराला क्रूर म्हणणे हा काळाचा विपर्यास होईल. त्याच ग्रंथातल्या अन्नभोगाच्या अध्यायात मासे रांधण्याची कृतीही आहे, म्हणजे धरलेला मासा वाया जात नव्हता. परंतु या खेळाला त्याने उपजीविका म्हटले नाही, धर्मही म्हटले नाही. ‘विनोद’ म्हटले. हा प्रामाणिकपणा महत्त्वाचा आहे, कारण जबाबदारीचा प्रश्न खऱ्या अर्थाने इथून सुरू होतो. पोटासाठी मासा धरणाऱ्या भोई-कोळ्यापुढे भूक आणि बाजार हे दोन हिशेब असतात. विनोदासाठी मासा धरणाऱ्यापुढे असा कोणताच हिशेब नाही. त्याला थांबवणारे काही असेल तर ते त्याने स्वतःच घडवायला हवे.

असे काही घडवण्याचा प्रयत्न युरोपात कसा झाला, हे पाहणे इथे उपयोगी ठरेल. पिसे आणि लोकर यांची कृत्रिम माशी गळाला बांधून मासे धरण्याची रीत जुनी आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकांत लिहिणाऱ्या इलियनने मॅसिडोनियातल्या अशा मासेमारीचे वर्णन केले आहे. १४९६ मध्ये इंग्लंडात विंकिन द वर्डच्या छापखान्यातून गळाने मासे धरण्याविषयीचा एक निबंध छापून निघाला. त्यात कृत्रिम माश्या कशा बांधाव्यात हे आहेच, शिवाय एकाच वेळी हावरेपणाने फार मासे धरू नयेत, असा उपदेशही आहे. १६५३ मध्ये आयझॅक वॉल्टनने या खेळाला चिंतनशील माणसाची करमणूक म्हटले. ट्राउट हा या परंपरेचा लाडका मासा. धरलेला ट्राउट पुन्हा सोडून देण्याची रीत विसाव्या शतकात रुजली आणि तिच्याभोवती हाताळणीचे नियम तयार झाले.

हे नियम साधे आहेत आणि प्रत्येकामागे कारण आहे. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हे त्याचे चिलखत. कोरड्या हाताने धरले तर ते पुसले जाते आणि बुरशीला व जंतूंना वाट मिळते. म्हणून हात आधी ओले करायचे. गळाचा उलटा काटा दाबून सपाट करायचा, म्हणजे गळ काढताना तोंड फाटत नाही. कल्ल्यांत बोटे घालायची नाहीत. मासा दमेपर्यंत खेळवत बसायचे नाही आणि शक्यतो त्याला पाण्याबाहेर काढायचेच नाही. सोडताना तोंड प्रवाहाकडे धरायचे आणि तो आपल्या बळाने निघून जाईपर्यंत आधार द्यायचा. पाणी तापले असेल तर गळ टाकायचाच नाही. २० अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो; ३० अंशांना तो साडेसातपर्यंत उतरतो. ट्राउट थंड पाण्याचा मासा आहे, त्यामुळे पारा २० अंशांपुढे गेला की दमलेला मासा सोडला तरी तो जगेल याची खात्री उरत नाही.

पाण्याबाहेर तडफडणारी मासोळी हे आपल्या संतकवितेतले विरहाचे ठरलेले रूपक. भक्त म्हणजे मासोळी आणि पाणी म्हणजे देव. रूपक इतके ओळखीचे झाले आहे की त्यातला खरा मासा आपल्याला दिसेनासा झाला आहे. गळ टाकणाऱ्या माणसाने मात्र ते अक्षरशः वाचावे. त्याच्या हातात तडफड होते ती रूपकाची नसते.

दख्खनच्या तापलेल्या नद्यांत ट्राउट नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी इंग्रजांनी तो काश्मीरच्या आणि निलगिरीच्या थंड पाण्यात आणून सोडला. दख्खनमध्ये त्यांना महासीर भेटला. १८२४ ते १८३१ या काळात मुंबई सरकारसाठी माहिती गोळा करणाऱ्या कर्नल साइक्सने दख्खनच्या नद्यांतल्या चाळीसहून अधिक माशांची वर्णने लिहिली, आणि नावे देताना इथल्या लोकांच्या तोंडची नावे उचलली. ‘खुद्री’, ‘कोलुस’, ‘मुसुल्ला’, ‘पोटैल’ हे शब्द म्हणून जगभरच्या लॅटिन नामावलीत जाऊन बसले. दख्खनच्या महासीराचे शास्त्रीय नाव आजही ‘टोर खुद्री’ आहे. त्याला नाव देणाऱ्या भोई-कोळ्यांचा मात्र त्या नामावलीत उल्लेख नाही.

१८७३ मध्ये एच. एस. थॉमस या सनदी अधिकाऱ्याचे भारतातल्या गळाच्या खेळावरचे पुस्तक आले आणि महासीर साहेबांच्या खेळाचा राजा झाला. नदीत सुरुंग उडवून आणि विष कालवून मासे मारण्यास मनाई करणारा भारतीय मत्स्यव्यवसाय कायदा १८९७ चा आहे. पुढे १९७० च्या दशकात लोणावळ्याजवळ टाटांच्या वीजप्रकल्पाच्या जलाशयांवर महासीराची कृत्रिम पैदास सुरू झाली. हा मासा वाचला, वाढला. २०१८ च्या जागतिक यादीत तो धोक्याच्या वर्गातून बाहेर आला. पण याच जातीची पिले दूर कावेरीत सोडली गेली होती. तिथला मूळचा कुबडाचा महासीर, ‘टोर रेमादेवी’, मागे हटत गेला आणि त्याच २०१८ साली अतिसंकटग्रस्त ठरला. धरलेला प्रत्येक मासा सोडून देणाऱ्या सज्जन खेळाडूंच्या नदीतही हे घडले. हात ओला असणे पुरेसे नाही, कोणत्या पाण्यात कोणाला सोडतो याचीही जबाबदारी असते, हे कावेरीने शिकवले.

आता पुन्हा गोदावरीकडे येऊ. ‘मानसोल्लासा’च्या पहिल्या विंशतीत राजाने पाळायची व्रते सांगितली आहेत. असत्य टाळावे, परद्रोह टाळावा, अतिथीला पुजावे, आणि शरण आलेल्याचे रक्षण करावे. चौथ्या विंशतीत तोच राजा माशांना चारा घालून काठाशी बोलावतो. विश्वासाने काठाशी आलेला मासा शरणागत ठरत नाही, कारण शरणागताची कल्पना माणसापुरती आहे. ग्रंथात या दोन विंशती एकमेकींना भेटत नाहीत.

त्या भेटतात ‘लीळाचरित्रा’त. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी संकलित केलेल्या या ग्रंथातली सशाची लीळा बहुतेक विद्यार्थ्यांना आठवत असेल. पारधी आणि कुत्री मागे लागलेला ससा चक्रधरस्वामींच्या आसनाशी येऊन मांडीखाली दडतो. पारधी आपला ससा मागतात. स्वामी देत नाहीत. शरण आलेल्याला कसे द्यावे, हा त्यांचा प्रश्न असतो. चक्रधरांच्या चरित्रात पैठणचे स्थान मोठे आहे, आणि सोमेश्वराच्या ग्रंथानंतर दीडशे वर्षांनी त्याच मुलखात ‘शरणागत’ हा शब्द राजनीतीतून निघून प्राण्यापर्यंत पोचला. संस्कृत सोडून मराठीत बोलण्याचा जो निर्णय महानुभावांनी घेतला, त्याला हा विस्तार शोभून दिसतो.

सामान्य माणसाने तोच विचार ग्रंथाविना आचरला. महाडजवळ काळ नदीच्या वाळणकोंडीत वरदायिनी देवीचे मासे आहेत. वाडा तालुक्यात तिळसे येथे वैतरणेच्या पात्रात शिवमंदिरापाशी मासे राखले आहेत. दोन्ही ठिकाणी ते महासीर. लोक काठावरून त्यांना खाऊ घालतात, मासे जमतात, आणि कोणी त्यांना धरत नाही. कृती सोमेश्वराचीच आहे: काठ, गोळा, जवळ येणारा मासा. फक्त शेवटचा गळ काढून घेतला आहे.

यातले एक खरे आणि दुसरे खोटे, असे म्हणून सुटका नाही. राजाच्या अध्यायात निरीक्षण आहे, पण संयम हा त्याचा विषय नाही. देवाच्या डोहात संयम आहे, मात्र वरच्या अंगाने येणारे सांडपाणी भक्तीने अडत नाही. मासा कशाने मरतो हे कळायला निरीक्षणच लागते. १९७६ पासून पैठणला नाथसागर आहे. १९८६ पासून त्याला पक्षी अभयारण्याचा दर्जा आहे, त्याच्या पाण्यावर भोई-कोळ्यांची घरे चालतात, आणि बिडकीनच्या माळावर औद्योगिक वसाहत उभी राहते आहे. या पाण्याशी कसे वागायचे हे ठरवणाऱ्यांत गळ टाकून पोट भरणारे थोडे असतील. बहुतेक जण आपल्यासारखे, माशावाचून ज्यांचे काही अडत नाही असे असतील. ज्यांचे अडत नाही त्यांच्यावरच जबाबदारी अधिक, हे मत्स्यविनोदाच्या नावातच लिहिलेले आहे.

ओवीसाठी ‘मानसोल्लासा’ची ती विंशती उघडणाऱ्या विद्यार्थ्याने म्हणून थोडी मागची पानेही चाळावीत, आणि त्यानंतर ‘लीळाचरित्र’ हाती घ्यावे.