‘लस संपली’ची पाटी

जानेवारी २०२१मध्ये कोरोनाचं लसीकरण सुरू झालं तेव्हा केंद्रांवर खुर्च्या रिकाम्या होत्या. यादीत नाव असलेले डॉक्टर-परिचारिकाही ‘बघू नंतर’ म्हणत टाळत होते. ७ एप्रिलला महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे म्हणाले, राज्यात तीन दिवसांपुरताच साठा उरलाय. दोनच दिवसांत मुंबईत बीकेसीच्या केंद्राबाहेर लस संपल्याची पाटी लागली. मग पहाटे पाचला चपला ठेवून नंबर धरणं आलं, टोकनसाठी नगरसेवकाला फोन आले. २८ एप्रिलला अठरा वर्षांवरच्यांची नोंदणी उघडली, तर एका दिवसात सव्वा कोटीहून जास्त नावं पडली.

दुसरी लाट होती, माणसं जिवाच्या भीतीनं धावली, असं कुणी म्हणेल. खरंय. पण २००४ची अमेरिका बघा. ५ ऑक्टोबरला लिव्हरपूलमधल्या कायरॉन कंपनीच्या कारखान्याचा परवाना निलंबित झाला आणि अमेरिकेची जवळपास निम्मी फ्लूची लस रातोरात गेली. साथ अजून यायची होती. तरी म्हातारी माणसं घडीच्या खुर्च्या घेऊन दुकानांपुढे बसली. न्यू जर्सीतल्या ब्लूमफील्डनं तर लशीची लॉटरी काढली. एरवी हीच लस घ्या म्हणून डॉक्टरांना मागे लागावं लागायचं. जानेवारी उजाडला तर ठिकठिकाणी लस पडून!

नुसत्या टंचाईनं मात्र अशी झुंबड उडत नाही. १४ जून १८०२ला मुंबईत तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉलला देवीची लस टोचली. भारतातली ती पहिली. लस बगदाद-बसऱ्याच्या वाटेनं आली होती. ती टिकवायची म्हणजे आठवड्याभरानं दंडावरच्या फोडातला द्रव काढून पुढच्या मुलाला टोचायचा. एक मूल चुकलं की साखळी तुटली. इतकी दुर्मीळ वस्तू, पण तिच्यासाठी रांग नव्हती. उलट टोचणारा गावात आला की मुलं लपवली जात. तुटवडा होता तो टोचणाऱ्याच्या काळजीत. गावाला दिसेल अशी पाटी कुठं होती?

२०२२मध्ये पाटी उतरली. १५ जुलैपासून प्रौढांना तिसरा डोस ७५ दिवस फुकट होता, तरी गर्दी नव्हती. कोविशिल्ड लस बनवणाऱ्या सीरम कंपनीनं उत्पादन आधीच थांबवलं होतं. तिचे सुमारे दहा कोटी डोस मुदत संपून वाया गेले. कोविशिल्डच्या कुपीत दहा डोस, फोडली की चार तासांत संपवायची. म्हणून सिस्टर कुपी हातात घेऊन दहावं माणूस यायची वाट बघत बसायच्या.