‘दहा हजारपट’ कशाच्या?

नव्या कृत्रिम ओपिऑइडचे नाव बातमीत आले की पाठोपाठ एक आकडा येतो: मॉर्फिनच्या इतकेपट, फेंटॅनिलच्या तितकेपट. हा आकडा म्हणजेच त्या द्रव्याची घातकता, असे मानण्याचा प्रघात पडला आहे. असे मानणाऱ्यांचे म्हणणे पोकळ नाही. रक्तातल्या नॅनोग्रॅमचा अर्थ न्यायाधीशाला किंवा पोलिसाला कसा लागावा? ओळखीच्या द्रव्याशी तुलना केली की धोका चटकन उमगतो. आणि माणसे मरत असताना सविस्तर अभ्यासाची वाट पाहणे कुणाला परवडेल? इशाऱ्यापुरते हे मला मान्य आहे. पुरावा म्हणून मात्र नाही.

डब्ल्यू-१८ चेच पाहा. १९८०च्या दशकात अल्बर्टा विद्यापीठात घडवलेले हे संयुग २०१६ साली कॅनडात ‘मॉर्फिनच्या १०,०००पट’ म्हणून गाजले. फेंटॅनिल मॉर्फिनच्या १००पट, म्हणून हे फेंटॅनिलच्या १००पट, असे त्रैराशिकही मांडून झाले. मूळ आकडा कुठला? पेटंटमधला. उंदराच्या पोटात दाहक द्रव्य टोचायचे, तो वेदनेने किती वेळा अंग पिळवटतो ते मोजायचे आणि औषधाने ते पिळवटणे किती कमी होते ते पाहायचे, अशी ती चाचणी. पण हे पिळवटणे थांबवणारे प्रत्येक द्रव्य ओपिऑइड असते काय? नुसती गुंगी आली तरी उंदीर स्वस्थ पडतो! २०१७ मध्ये थेट रिसेप्टरांवरच्या, म्हणजे ओपिऑइड ज्यांना चिकटून काम करतात त्या पेशींवरच्या ग्राहींवरच्या, तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ओपिऑइड रिसेप्टरांवर डब्ल्यू-१८ची काहीही क्रिया आढळली नाही. शरीरात त्याची जी रूपांतरे होतात, त्यांचीही नाही. कॅनडात बंदी तोवर येऊन गेली होती.

एक आकडा फसला म्हणून सारी रीतच टाकायची का, असे प्रतिपक्ष विचारेल. मग अस्सल ओपिऑइड घेऊ. १९५०च्या दशकात बाझेलच्या सीबा कंपनीत जन्मलेले एटोनिटाझीन उंदरांत मॉर्फिनच्या सुमारे १,०००पट ठरले. माणसांत सुमारे ६०पट. यांतला कोणता आकडा न्यायालयापुढे ठेवायचा?

त्याच घराण्यातली आयसोटोनिटाझीन आणि प्रोटोनिटाझीन ही भावंडे तर नावापासूनच चकवतात. दोघांचा रेणुभार एकच. मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये फुटून निघणारे ठळक तुकडेही तेच, १०० आणि ७२चे. फरक काय तो तीन कार्बन अणूंच्या मांडणीचा, सरळ की फाटा फुटलेली. क्रोमॅटोग्राफीच्या नळीतून ती वेगवेगळ्या क्षणी बाहेर पडतात म्हणून ओळखू येतात, तेही दोन्हींचे प्रमाणित नमुने त्याच यंत्रावर चालवून पाहिले तर. नावच पक्के नसताना पट कुणाची लावणार?

समजा नावही पक्के झाले. तरी तपासलेले रक्त मृताच्या जांघेतल्या शिरेतले होते की हृदयातले? मृत्यूनंतर हृदयातल्या रक्तात औषधाचे प्रमाण वाढलेले असू शकते. सोबत बेंझोडायझेपिन होते काय? मृताला ओपिऑइडची रोजची सवय होती, की तो काही महिने तुरुंगात राहून, सवय मोडल्यावर नुकताच सुटला होता? त्याच मात्रेवर पहिला कदाचित चालत घरी जातो. दुसऱ्याचा श्वास थांबतो.