दुसऱ्याच्या वहीतली आपली पत

आर्थर आणि लुइस टॅपन हे न्यूयॉर्कमधले रेशमाचे व्यापारी आणि गुलामगिरीचे कट्टर विरोधक. १८३४ च्या जुलैमध्ये चवताळलेल्या जमावाने लुइसचं घर फोडलं आणि सामान रस्त्यावर आणून जाळलं. तीन वर्षांनी मंदीची लाट आली, आणि ज्या पेढीने गावोगावच्या दुकानदारांना उधारीवर माल दिला होता ती टॅपनांची पेढीच बसली. या बुडालेल्या उधारीतून लुइसला नवा धंदा सुचला. दूरच्या गावातल्या अनोळखी दुकानदाराला माल द्यावा की नाही, हे ठरवायला लागणारी माहिती विकायची. १८४१ साली त्याने ‘मर्कंटाइल एजन्सी’ सुरू केली.

गावोगावचे वार्ताहर, त्यांतले बरेचसे वकील, दुकानदारांची खबरबात लिहून पाठवत. मालमत्ता किती, डोक्यावर कर्ज किती, माणूस दारू पितो का, घरात धड आहे का. न्यूयॉर्कच्या कार्यालयात हे सगळं जाडजूड खातेवह्यांत उतरवलं जाई. वर्गणीदार व्यापारी आला की कारकून त्याला हवी ती नोंद वाचून दाखवी. नक्कल हातात मिळत नसे. ज्याच्याबद्दल लिहिलं आहे त्याला तर आपल्यावर असं काही लिहिलं गेलंय याचाही पत्ता नसे. त्या काळच्या अडीच हजारांहून जास्त खातेवह्या आज हार्वर्डच्या बिझनेस स्कूलच्या ग्रंथालयात आहेत. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेवर संशोधन करणाऱ्यांना हा खजिना वाटतो. ज्यांच्या संसारावर ती पानं भरली, त्यांना तो तसा वाटला नसता.

त्यांतल्या एकाने आवाज उठवला. ओहायो राज्यातल्या नॉरवॉक गावचा हा व्यापारी. त्याची बायको घटस्फोट मागणार आहे आणि मग धंद्याचं काही खरं नाही, अशा आशयाची नोंद एजन्सीच्या वहीत झाली होती. त्याने १८४८ मध्ये अब्रुनुकसानीचा दावा लावला. न्यायालयाने विचारलं, ही खबर दिली कोणी? एजन्सीचा तेव्हाचा प्रमुख बेंजामिन डग्लस याने नाव सांगायला साफ नकार दिला आणि तो तुरुंगात गेला, पण बोलला नाही. ज्युरीने व्यापाऱ्याला १०,००० डॉलर भरपाई दिली. पुढे सुमारे वीस वर्षं खेचाखेच होऊन सर्वोच्च न्यायालयात हा निकाल उलटला. डग्लसच्या निष्ठेचं कौतुक करावं की नाही, हा प्रश्नच आहे. त्याने राखलं ते खबऱ्याचं गुपित. व्यापाऱ्याच्या घरातलं गुपित मात्र त्याचीच एजन्सी विकत होती.

हीच एजन्सी पुढे आर. जी. डन यांच्या नावाने चालली आणि १९३३ मध्ये प्रतिस्पर्धी ब्रॅडस्ट्रीटशी एक होऊन ‘डन अँड ब्रॅडस्ट्रीट’ झाली. हे घराणं व्यापाऱ्यांचं. साध्या गिऱ्हाइकाची पत लिहिणारं घराणं वेगळं, आणि त्याचा मूळपुरुष किराणा दुकानदार.

टेनेसी राज्यातल्या चॅटनूगाचा केटर वुलफर्ड याने स्थानिक किराणा व्यापारी संघासाठी गिऱ्हाइकांची यादी केली: कोण वेळेवर पैसे देतं, कोण रेंगाळतं, कोणाला रोखीशिवाय माल देऊ नये. यादी इतर दुकानदारांनीही विकत घेतली. तेव्हा केटर भाऊ गाय याला घेऊन अटलांटाला गेला आणि १८९९ मध्ये दोघांनी ‘रिटेल क्रेडिट कंपनी’ काढली. लवकरच दुकानांपेक्षा मोठं गिऱ्हाईक सापडलं, ते विमा कंपन्यांचं. कोणाला विमा द्यायचा हे ठरवण्यासाठी कंपनीचे तपासनीस शेजाऱ्यापाजाऱ्यांची दारं वाजवू लागले. घर स्वच्छ असतं का, पिणं किती, नवरा-बायकोत वाजतं का, बाहेर काही भानगडी आहेत का? १९६० च्या दशकापर्यंत अशा लाखो फायली साठल्या होत्या आणि त्या संगणकावर चढवायची तयारी सुरू झाली होती.

तिथे माशी शिंकली. कागदी फाईल एका कपाटात पडून असते, संगणकातली कुठेही पोचते, हे लोकांच्या ध्यानात आलं. कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक ॲलन वेस्टिन यांनी १९६७ मध्ये खासगीपणावरचं आपलं गाजलेलं पुस्तक काढलं. अमेरिकी संसदेच्या समित्यांपुढे कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना उत्तरं द्यावी लागली. सिनेटर विल्यम प्रॉक्समायर यांनी विधेयक लावून धरलं आणि २६ ऑक्टोबर १९७० रोजी अध्यक्ष निक्सन यांनी ‘फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्ट’वर सही केली. फायलीत काय आहे ते त्या माणसाला कळलं पाहिजे, चूक असेल तर तपासून दुरुस्त झाली पाहिजे, बहुतेक वाईट नोंदी सात वर्षांनी पुसल्या गेल्या पाहिजेत.

या कायद्यात एक सौदाही होता, आणि तो सहसा सांगितला जात नाही. वही उघडायच्या बदल्यात कंपन्यांना अब्रुनुकसानीच्या दाव्यांपासून मोठं संरक्षण मिळालं. मुद्दाम किंवा आकसाने खोटं लिहिल्याचं दाखवता आलं तरच दावा टिकणार. नॉरवॉकच्या व्यापाऱ्याने वापरलेलं हत्यार असं बोथट झालं.

तरी नव्या हक्काचा उपयोग लगेच दिसला. वॉशिंग्टनहून सेंट लुइसला आलेल्या एका वृत्तपत्राच्या वरिष्ठ संपादकाचा मोटारविमा रद्द होण्याची वेळ आली. दुसऱ्या एका पत-कंपनीच्या अहवालात म्हटलं होतं, हा हिप्पी छापाचा, निदर्शकांना तळघरात ठेवणारा, बहुधा नशा करणारा. हे सगळं आलं होतं जुन्या गल्लीतल्या एकाच शेजाऱ्याकडून. संपादकाने फायलीतली माहिती मागितली तेव्हा त्या कंपनीने ती थोडी थोडी करून सांगितली. न्यायालयाने १९७४ मध्ये तिला २५,००० डॉलरचा दंडात्मक भरपाईचा दणका दिला.

वुलफर्ड बंधूंच्या कंपनीने सत्तरच्या दशकातच नाव बदलून ‘इक्विफॅक्स’ केलं. नाव नवं झालं, तरी माणसाला न विचारता त्याची माहिती गोळा करण्याचा धंदा जुनाच राहिला. मार्च २०१७ मध्ये ‘अपाची स्ट्रट्स’ या सॉफ्टवेअरमधलं भगदाड जाहीर झालं आणि ते बुजवायचा उपायही आला. इक्विफॅक्सच्या एका संकेतस्थळावर तो बसवायचा राहून गेला. मे ते जुलै चोर आत वावरत होते. त्यांची ये-जा दाखवू शकणारं यंत्र, प्रमाणपत्राची मुदत संपल्याने, आंधळं होऊन बसलं होतं. सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती गेली. सप्टेंबरमध्ये बातमी फुटली आणि त्याच महिन्यात प्रमुख रिचर्ड स्मिथ पायउतार झाले. २०१९ मध्ये सरकारी यंत्रणांशी झालेल्या तडजोडीत कंपनीने किमान ५७.५ कोटी डॉलर मोजायचं मान्य केलं.

दोन्ही घराण्यांच्या शाखा मुंबईत आहेत. २००० साली स्थापन झालेल्या ‘सिबिल’ या पत-माहिती कंपनीच्या प्रवर्तकांत स्टेट बँक आणि एचडीएफसीच्या जोडीला अमेरिकेतलीच पत-कंपनी ट्रान्सयुनियन आणि टॅपनच्या वंशातली डन अँड ब्रॅडस्ट्रीट होती. इक्विफॅक्सही नंतर आली. २००५ चा कायदा या कंपन्यांना रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली आणतो. वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळायला मात्र २०१७ उजाडलं. २०२३ मध्ये चुकीच्या नोंदी आणि तक्रारींवरची दिरंगाई यांसाठी रिझर्व्ह बँकेने देशातल्या चारही पत-माहिती कंपन्यांना मिळून १ कोटीच्या वर दंड केला. कोट्यवधी कर्जदारांच्या वह्या सांभाळणाऱ्यांना हा आकडा किती बोचला असेल?

महाराष्ट्राच्या गावांत आता ‘सिबिल’ हा कंपनीपेक्षा आकडाच झाला आहे, ३०० ते ९०० मधला. ‘सिबिल खराब आहे’ एवढ्या एका वाक्यावर बँकेतून माणूस परत फिरतो. २०२५ च्या खरिपाआधी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी बँकांना बजावलं, की पीककर्जाला सिबिलची अट घालू नका. बँकांनी कानाडोळा केला आणि नोंदच चुकीची असेल, तर शेतकऱ्याला उरते ती तक्रारीची वाट. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने अशी तक्रार ३० दिवसांत निकाली निघायला हवी. त्यातले २१ दिवस बँकेचे, उरलेले पत-माहिती कंपनीचे. २६ एप्रिल २०२४ पासून त्यापुढच्या दर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. मृगाची पेरणी साधायची असेल तर बियाणं आणि खताचे पैसे मात्र त्या पहिल्या ३० दिवसांतच लागतात.