वीरबालांसाठी उघडलेले दार

लंडन येथील क्रिस्टल पॅलेसच्या प्रांगणात ४ सप्टेंबर १९०९ रोजी बालवीरांचा प्रचंड मेळावा भरला होता. चळवळीचे संस्थापक जनरल रॉबर्ट बेडन-पॉवेल यांच्यासमोर त्या दिवशी काही मुलीही येऊन उभ्या राहिल्या. त्यांना निमंत्रण नव्हते. आम्हांलाही बालवीर करून घ्या, एवढेच त्यांचे मागणे होते. तोवर कित्येक मुलींनी पूर्ण नाव न देता केवळ आद्याक्षरे लिहून बालवीर म्हणून नोंदणीही करून घेतली होती! पुढच्याच वर्षी, १९१० साली, मुलींसाठी ‘गर्ल गाइड्स’ ही स्वतंत्र संघटना उभी राहिली आणि बेडन-पॉवेल यांच्या भगिनी अ‍ॅग्नेस यांनी तिची धुरा वाहिली. मराठीने या मुलींना ‘वीरबाला’ असे सुरेख नाव दिले.

या चळवळीचा इतिहास चाळताना एक गोष्ट आमच्या वारंवार ध्यानी येते. मुली सदैव तयार होत्या. दार उघडण्यास विलंब लागला तो वडीलधाऱ्यांना.

आपल्या देशातही तेच घडले. १९११ साली जबलपूर येथे वीरबालांचे पहिले पथक निघाले, ते युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलींसाठी. हिंदी मुलींना चळवळीचे दार खुले झाले १९१६ साली. स्वातंत्र्यानंतर, ७ नोव्हेंबर १९५० रोजी, बालवीरांच्या निरनिराळ्या संघटना एकवटून ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’ ही संस्था जन्मास आली. वीरबालांची संघटना तीत १५ ऑगस्ट १९५१ रोजी विलीन झाली. पुढे १६ ऑक्टोबर १९६६ रोजी लेडी ओलेव्ह बेडन-पॉवेल यांच्या हस्ते पुण्यात ‘संगम’ या जागतिक केंद्राचे उद्घाटन झाले. स्वित्झर्लंड, इंग्लंड व मेक्सिको यांच्यानंतरचे हे चौथे केंद्र, आणि आशिया खंडातले पहिले. आम्हां पनवेलकरांच्या दृष्टीने, बोरघाट चढून गेले की ते आलेच!

ख्रिस्तसभेनेही ही चळवळ लगोलग कवटाळली नाही, हे येथे सांगितले पाहिजे. बाहेरून आलेल्या या उपक्रमात श्रद्धेला स्थान काय, अशी शंका युरोपातील अनेक कॅथलिकांना होती. फ्रान्समधील येशूसंघीय धर्मगुरू फादर झाक सेव्हँ यांनी १९१३ साली इंग्लंडला जाऊन ती चळवळ प्रत्यक्ष पाहिली, पारखली, आणि १९२० साली कॅथलिक बालवीरांची संघटना उभारण्यात पुढाकार घेतला. १९२३ साली तेथील कॅथलिक मुलींसाठीही अशीच संघटना निघाली. त्याच फादर सेव्हँ यांना २०१२ साली ख्रिस्तसभेने ‘आदरणीय’ म्हणून घोषित केले. आधी पाहावे, पारखावे आणि मग मनापासून हात द्यावा, हा धडा त्यांच्याकडून घेण्याजोगा आहे.

पनवेलच्या आमच्या धर्मग्रामातील आईवडील मुलीच्या शाळेतून आलेला शिबिराचा कागद घेऊन आम्हांला भेटतात, तेव्हा त्यांच्या मनात प्रायः तीन शंका असतात. पहिली धर्माची. तिचे उत्तर वचनातच आहे. वीरबाला जे वचन देते, त्यात ईश्वराप्रती कर्तव्य पहिल्याने येते, मग देश, मग इतरांना साह्य. तो ईश्वर प्रत्येकीने आपापल्या श्रद्धेनुसार भजावा. दुसरी शंका अभ्यासाची. गाठी बांधणे, प्रथमोपचार, तंबू ठोकणे, सहा-आठ जणींच्या तुकडीत कामे वाटून घेणे, हे शिकलेली मुलगी पुस्तकातही मागे पडत नाही, असा आमचा अनुभव आहे.

तिसरी शंका सर्वांत खरी: मुलीला परक्या ठिकाणी रात्री कसे ठेवावे? ही काळजी आम्ही क्षुल्लक मानीत नाही. परंतु काळजीचे उत्तर नकार नव्हे, चौकशी होय. पथकाच्या शिक्षिकेला जाऊन भेटावे. मुक्काम कोठे, सोबत किती शिक्षिका, निरोप कसा पोहोचेल, रविवार आल्यास मिस्साची सोय काय, हे निःसंकोच विचारावे. समाधान झाले की सही करावी. न झाल्यास तसे स्पष्ट सांगावे, म्हणजे शाळाही सावध होते. मुलगी लहान असेल तर ‘बुलबुल’ म्हणून आरंभ करता येतो. दहा वर्षांची झाली की ती ‘गाइड’ होते. पुढे सोपान चढत राज्य पुरस्कार, राष्ट्रपती पुरस्कार येथवर तिची वाट जाते.

वाचकहो, पुरस्कार मिळो वा न मिळो. पवित्र मरिया अलीशिबेच्या साह्यासाठी डोंगराळ प्रदेशात त्वरेने निघाली, तेव्हा ती तरुण मुलगीच होती. तिच्या त्या प्रवासाचे ध्यान आपण रोझरीच्या माळेत भक्तिभावाने करतो. मग आपल्या लेकीने सेवेसाठी पाठीवर पिशवी घेतली, तर उंबरठ्यावर आपण आडवे का उभे राहावे? १९०९ सालच्या त्या मुलींना दार स्वतः ठोठवावे लागले. आमच्या लेकींना ते आतून उघडून द्यावे, एवढे तर आपल्या हाती आहे.