भाजी विकणाऱ्या मुलाची अर्धी गोष्ट

थोरांचे प्रसंग सांगितले की मुलांवर संस्कार होतात, हे आपण इतके धरून चाललो आहोत की त्याची शहानिशा करावी असे कुणाला वाटतच नाही. मला ती करायची आहे, आणि तीही हिंगोली जिल्ह्यातल्याच माणसाच्या निमित्ताने.

११ ऑक्टोबर ही नानाजी देशमुखांची जयंती. जन्म १९१६ चा, गाव कडोली. एका वर्षी त्या दिवशी सेनगाव तालुक्यातल्या एका शाळेत मी परिपाठाला हजर होतो. पाचवीतल्या मुलीने पाठ केलेला प्रसंग सांगितला. आईवडील लवकर गेले, पुस्तकांना पैसे नव्हते, नानाजींनी भाजी विकली आणि ते शिकले. तात्पर्य : आपणही कष्ट करावेत. टाळ्या झाल्या. तिच्या मागच्या मुलाच्या बोटांवर सोयाबीनच्या शेंगांचे ओरखडे होते, सोंगणीचे दिवस होते. त्या पोराला कष्टाचे महत्त्व आपण काय सांगणार?

प्रसंगांची बाजू घेणारे म्हणतात की लहान मुलाला विचार पेलत नाही, गोष्ट पेलते. मान्य. मीही गोष्टींवरच वाढलो. माझी हरकत गोष्टीला नाही, ती जिथे तोडली जाते त्या जागेला आहे. कडोली तेव्हा निजामाच्या राज्यात होते. शिकण्यासाठी या मुलाला गाव सोडावे लागले, पार राजस्थानातल्या सीकरपर्यंत जावे लागले. म्हणजे हा प्रसंग मुलाच्या जिद्दीचा आहे, तितकाच त्या काळी खेड्यातल्या पोराला शिक्षण किती महाग पडत होते त्याचाही आहे. सांगताना जिद्द तेवढी उरते, बाकीचे गळून जाते.

आणि लहान मुलांना हे बाकीचे कळत नाही, असे कुणी म्हणू नये. डॉ. आंबेडकरांनी १९०१ मधला आपला प्रवास लिहून ठेवला आहे. मसूर स्थानकावर उतरलेली मुले, त्यांची जात कळल्यावर दुप्पट भाडे घेऊन स्वतः पायी चालणारा गाडीवान, रात्रभर न मिळालेले पाणी. स्वतःची सहनशक्ती मिरवण्यासाठी त्यांनी हे लिहिले नाही. अस्पृश्यता म्हणजे काय, हे परक्यांना कळावे म्हणून लिहिले. दहा वर्षांच्या मुलाला हे चटकन समजते. आपणच त्याचे ‘हालअपेष्टा सोसून मोठे झाले’ असे करून टाकतो आणि गाडीवानाला सोडून देतो.

नानाजींचा दुसरा आवडता प्रसंग १९७७ चा. बलरामपूरहून लोकसभेवर निवडून आले, मंत्रिपद चालून आले, त्यांनी नाकारले. थोड्याच दिवसांत राजकारणही सोडले. त्याग म्हणून सांगणारे इथेच थांबतात. १९९९ मध्ये ते राष्ट्रपतिनियुक्त सदस्य म्हणून राज्यसभेत गेले, हे सांगितले तर जणू त्यागाला बट्टा लागेल! तसे काही होत नाही. पद नाकारल्यावर त्यांनी काय केले, ते सांगायची सोय मात्र या साच्यात नाही, आणि माझ्या मते खरी गोष्ट तिथेच सुरू होते.

उत्तर प्रदेशातल्या गोंडा जिल्ह्यात त्यांनी बांबूच्या कूपनलिका लावून घेतल्या. युक्ती त्यांची नव्हे, बिहारात कोसीच्या खोऱ्यात ती आधीच वापरात होती. लोखंडी कड्यांवर बांबूच्या पट्ट्या ठोकायच्या, वरून काथ्याची दोरी गुंडाळायची आणि ती नळी जमिनीत उतरवायची. लोखंडी पाइप ज्याला परवडत नव्हता, त्या शेतकऱ्यालाही पाणी मिळू लागले. जमीन गाळाची आणि पाणी फार खोल नाही, म्हणून ते जमले. आपल्याकडे खाली काळा पाषाण. बोअरच्या गाडीतून उडणारी दगडाची भुकटी त्या ओरखडे पडलेल्या बोटांच्या पोराने पाहिली असेल. परिपाठाला हा प्रसंग सांगून पाहा. तो विचारील, ‘सर, मग आपल्याकडं बांबू का चालत नाही?’